पावणेसातपर्यंत घाट चालू होता

सिएटलकडच्या मराठी मंडळात श्रीरंग टिपणीस कोण म्हणून चौकशी केलीत, तर निम्मी माणसं नकारार्थी मान हलवतील. घाटकाका कुठं राहतात असं विचारा. पत्ता, फोन नंबर आणि काकूंच्या हातच्या वालाच्या बिरड्याची तारीफ, सगळं एका दमात मिळेल.

तिथल्या डोंगराच्या या अंगाला समुद्र, पाऊस आणि कॉम्प्युटरच्या नोकऱ्या. त्या अंगाला सफरचंदाच्या बागा, कोरडी हवा आणि लहान लहान गावं. मधे कॅस्केड पर्वत आडवा पसरलेला. तो ओलांडायचे रस्ते मोजके. त्यांतला मन्रो गावावरून थेट वेनॅचीला जाणारा जो, तो स्टीव्हन्स पासवरून जातो. इथले लोक त्याला पास म्हणतात, आपली माणसं घाट म्हणतात. चार फूट बर्फ पडलं तरी मराठी माणसाला घाट तो घाटच.

टिपणीस सांगलीहून इंजिनिअर होऊन १९७९ साली आले, एम.एस. केलं आणि राज्याच्या हायवे खात्यात चिकटले. बरोबरचे पुढं विमानाच्या कारखान्यात गेले, सॉफ्टवेअरमध्ये गेले, तळ्याकाठी घरं बांधून बसले. हे सरकारी नोकरीत राहिले आणि खात्यानं त्यांना घाटावर धाडलं. काम काय, तर बर्फाचा कुठला कडा कधी सुटेल याचा अंदाज घ्यायचा, रस्ता बंद करायचा, लष्कराकडून आलेल्या जुन्या तोफेनं डोंगरावर गोळा टाकून तो कडा आपणच आधी पाडायचा, खाली आलेलं बर्फ बाजूला ढकलायचं आणि रस्ता परत उघडायचा. पत्रातून हे आईला कळवलं, तेव्हा तिनं सांगलीत सगळ्या आळीला सांगितलं की श्रीरंग अमेरिकेच्या मिलिटरीत आहे. तिचा तो समज शेवटपर्यंत कुणी दूर केला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी मन्रोमध्येच, नदीपासून उंचावर घर ठेवलं, आणि फोन सुरू झाले. घाटापलीकडं लेव्हनवर्थ नावाचं गाव आहे. नाताळात तिथं दिव्यांची रोषणाई असते आणि ती पाहिल्याशिवाय मंडळातल्या कुठल्याही कुटुंबाचा डिसेंबर संपत नाही. एका वर्षी परीक्षित नावाचा एक तरुण काकांनी नको म्हटलं असताना बायको, तान्हं बाळ आणि चकल्यांचा एक डबा घेऊन निघाला, आणि अकरा तास बर्फात अडकून पडला. चकल्या चौथ्या तासाला संपल्या. तेव्हापासून काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली. सरकारी वेबसाइट आहे, अ‍ॅप आहे, कॅमेरे आहेत, पण स्वतः अ‍ॅप लिहिणारी पोरंसुद्धा आधी काकांना विचारत, "काका, घाट चालू आहे का? निघू का?"

आणि काका म्हणत, "थांबा."

आता यातली एक गोष्ट मंडळात कुणालाच ठाऊक नव्हती, आणि टिपणिसांनीही ती फार जवळ जाऊन तपासली नव्हती. नोकरीत असताना रस्ता उघडा ठेवल्याचा जितका जाब द्यावा लागे, तितकाच तो बंद ठेवल्याचाही. तासभर उगाच बंद ठेवला तर सफरचंदाच्या ट्रकांची रांग आठ मैल जायची, एखादी अँब्युलन्स अडकायची, वरचा साहेब फोनवर ओरडायचा. म्हणून ते 'चालू' म्हणायलाही शिकले होते. खात्यात त्यांचं नाव होतं ते त्यासाठीच. दोन वादळांच्या मधली फट टिपणीस बरोबर हेरतो, असं लोक म्हणत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडं ना मोजमापं राहिली, ना वरचा साहेब. जे अ‍ॅप पोरं बघत, तेच ते बघत. आणि 'थांबा' म्हणणाऱ्याकडं कुणी कधी जाब मागत नाही. माणूस घरी बसतो, संध्याकाळी बातम्यांत कुठंतरी एखादी गाडी घसरलेली दिसतेच, की लगेच फोन: काका, वाचलो. सात-आठ वर्षांत स्वच्छ ऊन असल्याखेरीज त्यांनी कुणाला 'निघा' म्हटलं नव्हतं.

सुवर्णाकाकूंना हे कळत होतं. त्या शाळेच्या लायब्ररीत पंचवीस वर्षं काढलेल्या, बोलायला फटकळ. "अहो, तुमच्यापेक्षा बंद पडलेलं घड्याळ बरं," त्या म्हणत, "दिवसातनं दोनदा तरी ते खरं बोलतं." काका हसून सोडून देत.

संग्राम शिर्के हा त्या फोन करणाऱ्यांतलाच एक. मूळचा कोल्हापूरचा, राहायला बॉथेलमध्ये, म्हणजे काकांपासून अर्ध्या तासावर. त्याची धाकटी बहीण मृणालिनी डॉक्टर, घाटापलीकडं वेनॅचीच्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला. आई गेल्यापासून वडील एकटे पडले म्हणून दोघं भावंडं त्यांना वर्षातून सहा महिने बोलावून घेत आणि तीन-तीन महिने वाटून घेत. आबा सगळ्यांना सांगत, "आमची वाटणी झालेली आहे. सातबाऱ्यावर दोघांची नावं लागलीत."

आबा साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. संग्रामकडं असले की दर शनिवारी तो त्यांना काकांकडं आणून सोडायचा, आणि दोघं म्हातारे डेकवर चहा घेत दाण्यावर बोलत बसायचे. एकाचा जन्म साखरेचा दाणा बघण्यात गेलेला, दुसऱ्याचा बर्फाचा. दाणा कधी धरतो, कधी सुटतो, ओल किती लागली की गठ्ठा होतो, यावर त्यांचे तास जायचे. काकांना अमेरिकेत चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आपल्या कामात एवढा रस घेणारा मराठी माणूस भेटला नव्हता. ते आबांना आबासाहेब म्हणत, आबा त्यांना टिपणीससाहेब. नोव्हेंबरच्या शेवटी, लख्ख ऊन बघून, काकांनीच 'निघा' म्हटलं आणि संग्राम आबांना मृणालिनीकडं पोचवून आला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात समुद्रावरून वादळं आली. एकामागोमाग तीन. पहिल्यानं डोंगरावर बर्फ टाकलं. दुसरं उबदार होतं, त्यात पाऊस होता. टिपणिसांच्या धंद्यात याहून वाईट काही नाही. ताज्या बर्फावर पाऊस पडला की बर्फ जड होतं, तळातून सुटतं आणि आख्खा कडा रस्त्यावर येतो. आणि तोच पाऊस आणि वितळलेलं बर्फ नद्यांना पूर आणतं ते वेगळंच.

मंगळवारी दुपारी एकला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. काका जेवत होते.

"काका, संग्राम. आबांना सकाळी स्ट्रोक आलाय. मृणालच्याच हॉस्पिटलमध्ये आहेत. शुद्धीवर आहेत, थोडं बोलतायत. मी निघतोच आहे, नैना म्हणाली आधी काकांना विचार. घाट चालू आहे ना?"

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. "काका, स्पीकरवर आहे. ह्याचं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, दोन रात्री झोपला नाहीये हा. तुम्ही म्हणाल तसं करू."

काकांनी चमचा खाली ठेवला आणि लॅपटॉप ओढला. घाट चालू होता. वर हलकं बर्फ, रस्ता ओला. पाऊस माथ्यापर्यंत चढायला संध्याकाळचे सहा वाजणार होते. त्यांच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला, अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं. आत्ता निघाला तर अडीचला माथ्यावर, साडेतीन-चारला वेनॅची. कडा सहाच्या आत सुटत नाही. पाच तास आहेत. ही ती फट होती.

"निघ," हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता. मग त्यांना दोन रात्री न झोपलेला पोरगा दिसला, घाबरलेला, ओल्या बर्फावर. आणि त्याच्या पाठोपाठ, खरं सांगायचं तर त्याच्याही आधी, दिसलं ते मंडळ. काही झालं, तर काकांनी जा म्हटलं होतं, असं म्हणणारं मंडळ.

"थांब," काका म्हणाले. "पाऊस चढतोय वर. आज नको. उद्या उजाडताना निघ, तोवर साफ करतील ते."

संग्राम म्हणाला, "नक्की, काका? आबा विचारतायत मला."

"अरे, तू धड पोचलास तर आबांना उपयोग. मृणालिनी आहे ना जवळ? डॉक्टर आहे ती."

"बरं," तो म्हणाला. नैना म्हणाली, "थँक यू काका, खरंच." फोन ठेवल्यावर सुवर्णाकाकूंनी विचारलं, "नीट बघितलंत ना?" काका म्हणाले, "बघितलं." आणि ते परत जेवू लागले. जेवण गार झालं होतं.

पाऊस सहाला माथ्यावर पोचला. सातच्या सुमाराला वारा सुटला. मन्रोमधली देवदाराची झाडं वाकायला लागली, कुठंतरी तार तुटली आणि गावातली वीज गेली ती गेलीच. बुधवारी सकाळी काकांनी पडदा सारला तर खालचं खोरं नव्हतंच. जिथं कुरणं होती तिथं चॉकलेटी पाणी, त्यात गोठ्यांची छपरं, आणि पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गवताचे मोठे गठ्ठे सावकाश वाहत चाललेले. घाटाकडं जाणारा रस्ता पुढच्या गावाशी पाण्याखाली होता. त्याच्याही वर कडे सुटले होते, एक नाही, चार. दक्षिणेकडचा दुसरा मोठा घाटही दरड आल्यानं बंद. वेनॅचीला जाणारं छोटं विमान वाऱ्यामुळं कॅन्सल.

सातला संग्रामचा फोन. "काका, मी गाडीतच बसलोय. निघू ना?"

काकांना सांगावं लागलं. एकेक रस्ता, एकेक कारण. संग्राम ऐकत राहिला, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "मग कधी?" आदल्या दिवशी एकच रस्ता हवा होता आणि तो होता. आज सगळी अमेरिका त्याच्या आणि त्याच्या बापाच्या मधे आडवी आली होती.

घरात वीज नव्हती म्हणून काका फोन चार्ज करायला गॅरेजबाहेर गाडीत जाऊन बसले आणि तिथून त्यांनी डेलला फोन लावला. डेल त्यांच्या हाताखाली तयार झालेला, आता घाटाचा मुख्य. निवृत्तीनंतर त्यांनी त्याला कामासाठी एकदाही फोन केला नव्हता. तो अभिमान त्या सकाळी त्यांनी गुंडाळून ठेवला.

"एक माणूस पलीकडं न्यायचाय," ते म्हणाले. "बर्फ काढायच्या ट्रकमध्ये तुझ्या माणसाशेजारी बसव. त्याचा बाप मरायला टेकलाय."

"श्री, रस्ताच नाहीये," डेल म्हणाला. "दोन ठिकाणी अर्धी लेन नदीत गेलीय. माझीच माणसं वर अडकलीयत. आणि रस्ता असता तरी, तू माझ्या जागी असतास तर घेतलं असतंस?"

घेतलं नसतं. काकांनी तसं कबूलही केलं. मग न राहवून विचारलं, "काल बंद कधी केलात?"

"पावणेसातला. पहिला कडा सात वाजून गेल्यावर आला. तोवर ट्रॅफिक व्यवस्थित चालू होतं. तूच शिकवलंयस मला, फट असेल तोवर गाड्या सोडायच्या." डेलच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

काकांनी त्याला शाबासकी दिली. फोन ठेवून ते गाडीत बसून राहिले. काचेवर पाऊस आपटत होता. पाच तास नव्हते, सहा होते. त्यांचा अंदाज चुकलाच असेल तर तो एका तासानं, आणि तोही भल्याच्या बाजूनं. स्वतःची एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुपारी मृणालिनीचा फोन आला, तेव्हाही ते गाडीतच होते.

"काका, डावी बाजू गेलीये आबांची. मेंदूतलं ब्लीड वाढतंय. पण आत्ता जागे आहेत. मी सांगायला फोन केला की तुम्ही दादाला थांबवलंत ते बरं केलंत. तो इथं येताना काही झालं असतं तर मला दोघांचं झेपलं नसतं." तिचा आवाज डॉक्टरचा होता, कोरडा, फक्त वाक्यांच्या मधे श्वास लागत होता. "आबांना तुमच्याशी बोलायचंय. सारखं टिपणीससाहेब, टिपणीससाहेब चाललंय. कानाशी धरते हं फोन."

पलीकडून घरघर आली, मग शब्द, जड जिभेचे, पण ओळखू येणारे. "टिपणीससाहेब. घाट... कधी उघडनार?"

"उद्या, आबासाहेब," काका म्हणाले. "उद्या सकाळी उघडतोय. संग्राम निघतोच आहे."

"तुम्ही म्हन्ता... म्हंजे झालं," आबा म्हणाले. मग ते काहीतरी अजून बोलले, त्यातला 'दाणा' एवढा एकच शब्द काकांना कळला. मृणालिनीनं फोन काढून घेतला. "काका, खरंच उद्या उघडतोय?"

"नाही गं," काका म्हणाले.

ती बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्या संध्याकाळी काकांनी नकाशा काढून सुवर्णाकाकूंसमोर टेबलावर पसरला आणि मेणबत्तीशी बसून लांबचा वळसा शोधला. दक्षिणेला ऑरेगनमध्ये उतरायचं, कोलंबिया नदीच्या कडेकडेनं पूर्वेला जायचं आणि तिथून परत उत्तरेला वर चढायचं. नऊ तास, सरळ गेलं तर. "आता जा म्हणणार?" काकूंनी विचारलं. काका म्हणाले, "आता म्हणणार." आदल्या दिवसाची सगळी भीती आज उलट्या बाजूनं बाहेर येत होती. फट नसताना ते फट शोधत होते, आणि हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी संग्रामला वळसा सांगितला. "पहाटे निघ. वारा असेल, पण जाशील."

तो निघाला. ऑरेगनपर्यंत पोचला. कोलंबियाच्या काठी तिसऱ्या वादळानं त्याला गाठलं. नदीकाठचा महामार्ग पुढं झाडं आणि दरड पडून बंद झाला, आणि मागं फिरावं तर तासाभरात मागचाही. हूड रिव्हर नावाच्या गावात एका मोटेलमध्ये तो अडकला. तिथून त्यानं काकांना फोन केला नाही. नैनानं केला. "काका, तो सेफ आहे, रूम मिळाली. तुम्ही काळजी करू नका." आगीतून फुफाट्यात कुणी ढकललं, हे तिच्या मनातही आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मृणालिनीनं व्हिडिओ लावून फोन आबांच्या समोर धरला. आबांचे डोळे मिटलेलेच होते. संग्रामनं मोटेलच्या खोलीतून त्यांच्याशी काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. हे काकांना नंतर नैनाकडून कळलं. शुक्रवारी सकाळी सव्वानऊला आबा गेले. संग्राम वेनॅचीला पोचला शनिवारी दुपारी, दक्षिणेकडून रस्ता उघडल्यावर. अठ्ठेचाळीस मिनिटांत विमानानं जाता येतं त्या गावाला त्याला तीन दिवस लागले. पोचला तो अंत्यसंस्कारापुरता.

काका त्या सगळ्या दिवसांत काय करत होते म्हणाल, तर काही नाही. वीज पाच दिवसांनी आली. पाणी उतरलं, कुरणांवर चिखल आणि मेलेले मासे राहिले. फोन येत होते, मंडळातले. व्हॉट्सअ‍ॅपवर घाटातल्या कड्यांचे व्हिडिओ फिरत होते, त्याखाली लोक लिहीत होते की बघा, काकांनी संग्रामला थांबवलं नसतं तर. काका ते वाचत. एकदा त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, 'घाट पावणेसातपर्यंत चालू होता'. सुवर्णाकाकूंनी खांद्यावरून ते वाचलं. "हे तिथं नका लिहू," त्या म्हणाल्या. "ज्याला सांगायचं त्याला सांगा." त्यांनी ते पुसलं.

तेरावा बॉथेलला संग्रामच्या घरी झाला. मृणालिनी आली होती. मंडळातली तीस-चाळीस माणसं, बेसमेंटमध्ये चादरी घातलेल्या, आबांचा फोटो, त्याला हार. जेवताना कुणीतरी म्हणालं, "देव तारी त्याला कोण मारी," आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "देवाचं सोडा, आपल्याकडं घाटकाका आहेत." माणसं हळूच हसली. परीक्षितनं स्वतः उठून काकांच्या पानात खीर वाढली. काकांनी ती तशीच पानात ठेवली. त्यांना तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं, कारण सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

निघताना संग्राम त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला. काकू आधीच चालवायच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. बारीक पाऊस होता. संग्रामनं डोकं भादरलं होतं, त्यावर थेंब दिसत होते.

"काका, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "त्या मंगळवारी मी एकला निघालो असतो तर?"

काकांपाशी पुष्कळ उत्तरं होती. तू झोपला नव्हतास. वर बर्फ होतं. नशिबात काय असतं कुणाला कळतं. सगळी खरी होती आणि सगळ्यांच्या आड लपता येत होतं.

"साडेतीनला पोचला असतास," ते म्हणाले. "फार तर चारला."

"घाट?"

"पावणेसातपर्यंत चालू होता. मी नंतर चौकशी केली."

"नंतर," संग्राम म्हणाला. "पण तेव्हा तुम्हाला..."

"तेव्हाही कळत होतं. वेळ आहे हे मला दिसत होतं, संग्राम. मी घाबरलो. तुझ्यासाठी थोडा, आणि माझ्या नावासाठी जास्त."

संग्राम रस्त्याकडं बघत होता. काका वाट बघत होते की आता हा ओरडेल, शिवी देईल, निदान आत निघून जाईल. त्यातलं काहीही झालं असतं तरी त्यांना बरं वाटलं असतं.

"दीड दिवस जागे होते ते," संग्राम म्हणाला. "मृणाल सांगत होती, दाराशी कुणी आलं की बघायचे."

"हो," काका म्हणाले.

मग संग्राम जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, हे नैनाला सांगू नका. कधीच. माझा हात दाराच्या कडीवर होता, बॅग खांद्याला होती. तिनं मला मागं ओढून तुम्हाला फोन लावायला लावला. तिला वाटतंय तिनं मला वाचवलं. तिला तसंच वाटू दे."

काकांना वाटलं होतं, खरं बोललं की निदान एक ओझं उतरेल. ते आता त्यांच्या हातात परत दिलं जात होतं, आणि या वेळी ते कायमचं होतं.

दार उघडलं आणि नैना बाहेर आली. हातात डबा, डोक्यावर ओढणी. काकूंच्या खिडकीतून तिनं डबा आत दिला आणि वळून भर पावसात काकांच्या पाया पडायला वाकली.

"काका, तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी एकटी ह्याला थांबवूच शकले नसते."

संग्राम तिच्या मागं उभा होता आणि काकांकडं बघत होता.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा, बाळ," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.